एसटीचा लाल

लाल रंगाइतका खोटारडा रंग मी दुसरा पाहिला नाही. बाटलीत तो एक दिसतो, ओला असताना दुसरा, सुकल्यावर तिसरा, आणि उन्हात नेऊन धरला की ओळखसुद्धा दाखवत नाही. निळा बिचारा सरळ स्वभावाचा आहे. हिरव्याची समजूत काढता येते. लालाशी मात्र एका उन्हाळ्यात माझं जे जुंपलं, ते आठवलं की आधी राग येतो आणि मग हसू आवरत नाही.

तेव्हा मी कल्याणच्या एका ऑफिसात इमारतींची मॉडेलं करायचे. चित्रकलेचा डिप्लोमा झाला होता, पण शाळेत कलाशिक्षकाची जागा निघेपर्यंत वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. बिल्डर लोक नकाशे आणून द्यायचे आणि आम्ही प्लॅस्टिकच्या शीट कापून त्यांच्या इमारती उभ्या करायचो. खिडक्या, गॅलऱ्या, पाण्याच्या टाक्या, स्पंजची झाडं. रंग द्यायचं काम माझं. ते एअरब्रशने चालायचं. एअरब्रश म्हणजे जाड पेनाएवढं हत्यार. वर अंगठा बुडेल एवढी वाटी असते, तिच्यात पातळ केलेला रंग ओतायचा, मागून नळीने हवा येते, आणि बोटाखालचं बटण दाबून जरा मागे ओढलं की टोकातून रंगाचा धूर निघतो. हात बसलेला असेल तर एकही ओघळ दिसत नाही. माझा हात बसलेला होता, आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं.

मुरबाडहून कल्याणला मी एसटीनेच जायचे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे निवड करायचा प्रश्नच नव्हता. त्या गाडीवर बरेचदा माझे बाबाच ड्रायव्हर असायचे. म्हणजे बसायचं बापाच्या गाडीत, पण पास काढून. कंडक्टर काका हे बाबांचे जुने जोडीदार. ते मुद्दाम सगळ्यांच्या आधी माझ्याकडे यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पास दाखवा मॅडम, वळख नाय चालत." सगळी गाडी हसायची. बाबा आरशातून बघायचे आणि गिअर टाकायचे.

एसटीची गाडी कुणा ड्रायव्हरच्या नावावर नसते. ड्युटीला लागेल ती न्यायची. पण एक गाडी बाबांची, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी कल्याण, दुपारी शहापूर, आणि एक दिवसाआड सिद्धगडाच्या पायथ्याला मुक्काम. म्हणजे शेवटची फेरी तिथल्या गावात जाऊन थांबायची, दोघे तिथेच झोपायचे आणि सकाळची पहिली गाडी घेऊन परत निघायचे. मुक्कामाच्या गावी बाबा उठले की विहिरीवरून बादली आणून आधी गाडी पुसायचे. डेपोत गाड्या धुवायला माणसं होती, ती पाइप मारायची. बाबांचं त्याने समाधान होत नसे. काच, दिवे, समोरचा पत्रा आणि आपल्या बाजूचा दरवाजा ते स्वतःच्या हाताने, ओल्या फडक्याने पुसायचे.

आमचं बौद्ध घर. सकाळी वंदना व्हायची आणि भिंतीवरच्या दोन तसबिरी पुसायच्या, ते कामही बाबांचंच. दसऱ्याला डेपोत गाड्यांना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. बाबा हाराला नको म्हणायचे नाहीत, पेढाही खायचे, पण स्वतः नारळ फोडत नसत. त्या दिवशी ते गाडी जरा जास्त वेळ पुसायचे, इतकंच. आणि दुसरी कुठली गाडी ड्युटीला लागली तर ती आहे तशी धुळीने भरलेली न्यायचे. काका म्हणायचे, "तुझा बाप दुसऱ्याच्या गाडीला फडका लावत नाय. सायबानं सांगितलं तरी लावणार नाय."

भांडणाला निमित्त झालं एका बंगल्यांच्या स्कीमचं. मुंबईच्या लोकांसाठी मुरबाडकडच्या डोंगरउतारावर बंगले व्हायचे होते, त्याचं मॉडेल आमच्याकडे आलं. येण्याजाण्याची सोय आहे हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, रस्त्यावर एक लाल एसटी ठेवायला सांगितली. मी काडेपेटीपेक्षा लहान एसटी केली. तिला खिडक्या होत्या, पिवळा पट्टा होता, मागची शिडीसुद्धा होती. सर एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे, पण तेही "वा" म्हणाले. मग काय, मी ती डब्यात कापूस घालून घरी घेऊन आले.

बाबांनी ती तळहातावर घेतली. चष्मा लावला. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"ही आमची गाडी नाय," ते म्हणाले.

"नाही कशी? खिडक्या मोजा तुम्ही."

"खिडक्या बरोबर हायत."

"मग शिडी चुकली?"

"शिडी पण बरोबर."

"मग काय चुकलं ते तरी सांगा ना, बाबा!"

"आता कसं सांगू गो? नाय ती. दुसऱ्याच कुठल्या तरी गावची हाय." एवढं बोलून ते हात धुवायला गेले, कारण आईने ताट वाढलं होतं.

मला इतका संताप आला की मी जेवले नाही. आई म्हणाली, "येवढीशी ती गाडी, तिच्यावरनं कसला रुसवा?" पण माझ्या नाकावर राग कायम बसलेला असतो, आणि त्यात बाबा खोटं बोलणारे नव्हते. बरोबर नसेल तर बरोबर म्हणणार नाहीत, चूक नसेल तर चूक म्हणणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ती एसटी पाकिटात घालून डेपोत नेली आणि खऱ्या गाडीच्या पत्र्याला लावून पाहिली. तोंडात मारल्यासारखं झालं. माझा लाल टोमॅटोसारखा होता. गाडीचा लाल त्याच्यापेक्षा जुना, तापलेला, गेरूकडे झुकणारा. बाबांना शब्द सापडला नव्हता, पण डोळा बरोबर होता.

त्याच उन्हाळ्यात बाबा रिटायर व्हायचे होते. त्यांचा जन्म जूनच्या पहिल्या तारखेचा. खरा कधीचा ते आजीलाही सांगता येत नव्हतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ही तारीख टाकून दिली होती. आमच्याकडच्या निम्म्या माणसांचा जन्म त्याच दिवशी झालेला आहे. त्यामुळे मे संपला की डेपोतली चार-पाच माणसं एकदम घरी बसायची. मी ठरवलं की बाबांच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना त्यांचीच गाडी द्यायची, चांगली दीड वीत लांब, आणि अशी की ती बघून त्यांनी म्हणावं, "ही माझी गाडी." बाकी काही नको होतं मला. ते वाक्य ऐकल्याशिवाय मी त्यांना रिटायर होऊ देणार नव्हते.

गाडी बांधणं सोपं गेलं. पांढऱ्या प्लॅस्टिक शीटचा सांगाडा, पारदर्शक शीटच्या काचा, औषधांच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची चाकं. खरं काम रंगाचं होतं. तेलाचा रंग वापरला असता तर एका दिवसात सुटले असते, पण त्याचा वास आठवडाभर घरात राहतो, मग बाबांना लगेच कळलं असतं. ॲक्रेलिक पाण्यात मिसळतो, वास जवळजवळ नाही, आणि हत्यार नळाखाली धुता येतं. म्हणून ॲक्रेलिक, आणि त्यातही चार प्रकार. सरांनी एअरब्रश घरी न्यायला परवानगी दिली. कॉम्प्रेसर मात्र दिला नाही. दिला असता तरी उपयोग नव्हता, संध्याकाळी आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. हवा आणायची कुठून?

तोडगा कंडक्टर काकांनी काढला. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून त्यांनी ट्रकची एक जुनी ट्यूब मिळवली, तिच्या तोंडाला त्याच्याकडूनच नळी बसवून घेतली, आणि ट्यूब टम्म फुगवून खांद्यावर टाकून ते आमच्या घरी आले. रस्त्यात दोघांनी विचारलं, पोहायला निघालात काय. ज्या संध्याकाळी बाबांचा मुक्काम असेल त्या संध्याकाळी मी ओटीवर रंगवायला बसायचे. काकाही बाबांबरोबर मुक्कामाला जायचे, म्हणून ट्यूब ते दुपारीच भरून ठेवायचे.

ट्यूबची हवा आधी जोरात येते आणि मग हळूहळू मंदावते. हवा मंदावली की रंग धुरासारखा न उडता थुंकल्यासारखा उडतो. अशा वेळी मी आईला हाक मारायचे आणि ती येऊन ट्यूबवर बसायची. तिच्या वजनाने आणखी थोडं काम व्हायचं. "मी काय चाक हाय तुमच्या गाडीचं?" असं म्हणत ती तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसायची, आणि मी "जरा पुढे सरक" म्हटलं की पुढे सरकायची. हवेचं दुकान असं चालायचं.

ऑफिसात भरपूर हवा असते, तिथे कुठलाही रंग ढकलला जातो. ट्यूबवर मात्र रंगांचे खरे स्वभाव कळले. पहिल्यांदा मी चित्रकारांचे, टूथपेस्टसारख्या ट्यूबमधले ॲक्रेलिक आजमावले. रंग देखणा, दाट, श्रीमंत. पण श्रीमंती एअरब्रशला परवडत नाही. पाणी घालून पातळ केला तर त्यात बारीक कण राहायचे आणि नळीचं तोंड बंद. जुन्या ओढणीच्या तुकड्यातून दोनदा गाळला तेव्हा कुठे तो चालला, पण दोन मिनिटांत टोकाशी सुकून त्याची गोळी झाली. मग एअरब्रशच्या आतली सुई काढा, पुसा, पुन्हा घाला. ट्यूबची निम्मी हवा या साफसफाईत संपायची आणि आई म्हणायची, "मी उठू काय?"

मग भिंतीचा इमल्शन. शहापूरच्या हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यात छोटा डबा आणला आणि त्यात लाल स्टेनरच्या, म्हणजे रंगछटा आणायला मिसळतात त्या अर्काच्या, बाटल्या रिकाम्या केल्या. कितीही ओतला तरी तो पांढऱ्याची साथ सोडेना. गुलाबीच्या पुढे गाडी जाईना. शिवाय सुकल्यावर खडूसारखा, हात लावला की बोटाला भुकटी. तो एका संध्याकाळीच बाद झाला. उरलेल्या डब्यातून आईने न्हाणीघराची भिंत गुलाबी केली आणि वर माझेच आभार मानले.

तिसरा, कापडावर रंगवायचा फॅब्रिक कलर. साड्यांवर फुलं काढतात तो, छोट्या गोल बाटल्यांमधला. त्याच्याकडून मला काडीचीही आशा नव्हती. पण तो मुकाट्याने पातळ झाला आणि टोकातून बऱ्यापैकी उडाला. खोड एकच, सुकल्यावर तो रबरासारखा लागायचा आणि त्याला एक तेलकट चमक यायची. एसटीला कुठे असते तशी चमक? मी नाक मुरडलं आणि बाटल्या कपाटात टाकल्या.

चौथा सरांचा. सर परदेशी गेले होते तेव्हा त्यांनी तिथून खास लहान मॉडेलांसाठीच बनवलेल्या रंगांच्या बाटल्या आणल्या होत्या. त्या ते केशरासारख्या जपायचे. मी बाबांच्या रिटायरमेंटचं सांगितलं तेव्हा त्यांनी लालाची बाटली उघडून थोडा माझ्या डबीत ओतला, आणि ओतताना त्यांचा जीव तुटत होता हे मला दिसत होतं. तो रंग मात्र खरंच गुणी! गाळायला नको, फार पातळ करायला नको, ट्यूबच्या शेवटच्या हवेवरसुद्धा तो धुक्यासारखा बसायचा आणि खालची एकही रेघ बुजवायचा नाही. मी हरखून गेले. सकाळी नमुन्याला रंगवलेली प्लॅस्टिकची पट्टी उन्हात नेली आणि कपाळाला हात लावला. कुठल्या तरी थंड देशातल्या आगीच्या बंबाचा लाल होता तो. मुरबाडच्या रस्त्याने तो कधी गेलेलाच नव्हता.

मग सुरू झालं मिश्रण. परदेशी लालात चित्रकारांचा पिवळा आणि विटकरी थेंबाथेंबाने घालायचा, पट्टी रंगवायची, आणि दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन गाडीच्या अंगाला लावून बघायची. बाबा चहा प्यायला कँटीनमध्ये गेले की काका मला खूण करायचे. मी पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन पत्र्याला चिकटायचे. एकदा एक पॅसेंजर बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय गो बाय, गाडीला ताप आलाय काय?"

तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. बाबांच्या गाडीचा लाल एक नव्हता. टपाजवळचा उन्हाने उतरलेला. खिडकीखालचा, जिथे माणसं हात बाहेर काढून बसतात, तो घासून काळपट झालेला. आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा वेगळाच, जरा गडद. मला मागाहून कळलं, कधीतरी जुना दरवाजा खिळखिळा झाला म्हणून वर्कशॉपने दुसऱ्या मोडीत गेलेल्या गाडीचा काढून बसवला होता, तो आपल्या रंगासकट आला होता. इतकी वर्षं त्या गाडीतून गेले, पण मला हे कधी दिसलं नव्हतं. मी दरवाजासाठी वेगळी पट्टी केली. काकांना दाखवली तर ते म्हणाले, "दरवाजा वेगळा हाय? आमी तर कधी बघितला नाय." मी म्हटलं, असू दे, माझ्या समाधानासाठी.

मे महिन्यातल्या उकाड्याने शेवटी रंगाशीच संगनमत केलं. रंग टोकातून निघून गाडीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत सुकायचा आणि वर वाळूसारखा खरखरीत बसायचा. त्यावर उपाय म्हणून मी त्यात पाणी वाढवलं आणि ग्लिसरीनचे थेंब घातले, म्हणजे तो सावकाश सुकेल. थेंब मी जरा सढळ हाताने घातले. लाल रंग खालचा पांढरा झाकत नाही, म्हणून आधी गुलाबी रंगाचा एक हात दिला. त्या गुलाबी अवस्थेत गाडी आईने पाहिली आणि ती घाबरीच झाली. "हे काय, लग्नाची एसटी हाय काय?" मग लालाचे पातळ पातळ हात, एकावर एक, पाच मुक्कामांच्या संध्याकाळी. शेवटी गडद दरवाजा. सुकल्यावर मी नखाने खरवडून पाहिलं, रंग निघाला नाही. उन्हात पाहिलं, सावलीत पाहिलं, ट्यूबलाइटखाली पाहिलं. वरून वॉर्निश मारायचा विचार आला होता, पण त्याने चमक येईल म्हणून तो सोडून दिला. सगळं तपासलं असं मला वाटत होतं.

निरोपाचा कार्यक्रम डेपोच्या विश्रांतिगृहात झाला. शाल, श्रीफळ, पेढे, आणि प्रत्येकाने भाषणात सांगितलं की बाबांनी कधी कुणाला धक्का लावला नाही. माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता. काकांनी रुमालाखाली झाकलेली गाडी टेबलावर आणून ठेवली आणि रुमाल ओढला. सगळे उभे राहिले. मेकॅनिक खाली वाकून चाकं बघायला लागले, कुणीतरी शिडी मोजली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी चष्मा लावला. सगळ्या बाजूंनी पाहिली. दरवाजाकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण मला तेव्हा काहीही वाटलं असतं.

"छान झालीय," बाबा म्हणाले.

छान! लग्नातल्या जेवणाला ते छान म्हणायचे. पाहुण्यांच्या नव्या पडद्यांना छान म्हणायचे. मी हसले, पेढा घेतला, आणि तो कागदात गुंडाळून ठेवला. घरी येताना बाबा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पॅसेंजर म्हणून एसटीत बसले, मांडीवर शाल आणि शालीवर गाडी घेऊन. गाडीकडे न बघता ते खिडकीबाहेर बघत होते. मी पुढच्या सीटवर बसून मनातल्या मनात सगळ्या रंगांना शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त त्या परदेशी बाटलीला, जिची काहीच चूक नव्हती. आईने गाडी तसबिरींच्या खालच्या फळीवर ठेवली. मी रडले, हे सांगून टाकते. उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळी जाग आली ती बादलीच्या आवाजाने. ड्युटी नव्हती तरी बाबा रोजच्या वेळेला उठले होते. वंदना झाली होती, तसबिरी पुसून झाल्या होत्या, कारण त्या ओल्या चमकत होत्या. आणि फळी रिकामी होती. मी अंगणात धावले. बाबा पायरीवर बसले होते, बाजूला बादली, मांडीवर गाडी, हातात पिळलेला फडका. समोरचा पत्रा पुसून झाला होता, काच झाली होती, दिवे झाले होते, आता दरवाजाची पाळी होती. बादलीतलं पाणी कोकमाच्या सरबतासारखं झालं होतं.

"बाबा! काय करताय!" मी किंचाळले. शेजारचा कुत्रासुद्धा उठून गेला.

बाबा दचकले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, मग गाडीच्या तोंडाकडे. ते गुलाबी झालं होतं. "रंग जातोय गो," ते अगदी अपराधी आवाजात म्हणाले. "मला वाटलं धूळच निघते हाय."

"शोभेच्या गाडीला कुणी पाण्याने धुतं का? मी सगळं बघितलं, सगळं! ऊन बघितलं, नख लावून बघितलं. पाणीच तेवढं बघितलं नाही, कारण ते कोण लावणार होतं तिला?"

"मंग गाडी पुसल्याबिगर ठेवायची काय?" बाबा म्हणाले. "आजपर्यंत कधी ठेवलीय काय मी?"

मी पुढचं चांगलं तिखट वाक्य जुळवत होते, तेवढ्यात काकांचं बोलणं मला आठवलं. तुझा बाप दुसऱ्याच्या गाडीला फडका लावत नाय. मी त्यांच्या लाल झालेल्या बोटांकडे बघत खाली पायरीवर बसले आणि मला हसू फुटलं, रडूसकट. आई बाहेर आली, तिने आधी बादलीत पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाली, "दोघंबी सारखीच," आणि चहा टाकायला आत गेली. इतकी खूश मी नंतर कुठल्याही बक्षिसाने झाले नाही.

सढळ हाताने घातलेल्या ग्लिसरीनमुळे आधीचा रंग आतून कच्चाच राहिला होता, म्हणून त्याच आठवड्यात मी कपाटातले फॅब्रिक कलर काढले. साडी धुतली तरी फूल जात नाही, ते याच रंगामुळे, हे इतके दिवस मला सुचलं नव्हतं. रबरासारखी चमक येते तर येऊ दे. आता चोरून करायचं काही नव्हतं, म्हणून दिवसाढवळ्या अंगणात बसले. ट्यूबवर बसायला बाबाच आले. आईपेक्षा त्यांचं वजन जास्त, त्यामुळे हवा मस्त येत होती. रंग सुकल्यावर तो पक्का व्हावा म्हणून शेजारणीचा केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवला. मग फडका ओला करून घासून पाहिलं, बाबांनीही पाहिलं. फडका पांढराच राहिला.

पण हे नंतरचं. रंगवायच्या आधी मी डबीत लाल कालवत होते तेव्हा बाबा ट्यूबवर बसून बराच वेळ बघत होते. मी हात धुऊन एअरब्रश उचलला तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "सगळीला एकच लाल नको लावू हां."

"म्हणजे?"

"दरवाजा तू जरा गडद केला होता. तो तसाच ठेव. माझ्या गाडीचा दरवाजा तसाच होता."

मी मान खाली घातली आणि दुसरी डबी घेतली.